‘२० आठवडे उलटले, आता कोर्टाची ऑर्डर आणा’ असं सांगितलंय? आधी हे वाचा

ताई, तुमची अवस्था वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. २१ वा आठवडा, टार्गेट स्कॅनमध्ये (बाळातली व्यंगं बघणारी सोनोग्राफी) बाळाचा कणा उघडा आणि डोक्यात पाणी, डॉक्टर म्हणतात २० आठवड्यांच्या वर कोर्टाची परवानगी लागेल, सासूबाई म्हणतात पाप आहे, नवरा गप्प. आणि तुम्ही विचारलंय, कायद्याने चालतं का, आणि मी चुकतेय का.

मी वकील नाही, डॉक्टर नाही. माझी केस २०२२ ची, तुमचा जिल्हा वेगळा, बाळाचं निदानही वेगळं. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कायद्याचं आधी, कारण तिथे वेळ जातोय. २० आठवड्यांच्या वर कोर्ट, हा जुना हिशोब आहे. १९७१ च्या एमटीपी कायद्यात, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात, २०२१ साली बदल झाला आणि तो २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळातलं गंभीर व्यंग हे त्या कारणांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. २४ च्या पुढे गंभीर व्यंग असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड ठरवतं. म्हणजे आज तुमच्या आणि निर्णयाच्या मध्ये दोन डॉक्टर आहेत, न्यायाधीश नाहीत. नवऱ्याची सही लागत नाही, सासूबाईंची तर नाहीच. सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती, फॉर्म सी, बस.

आता माझं सांगते, कारण तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं गेलं होतं.

माझ्या बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती. गर्भजल जवळजवळ नव्हतं, आणि पाणी नसलं की फुप्फुसंही वाढत नाहीत. असं बाळ जन्मल्यावर जगत नाही. सोनोग्राफीवाल्या मॅडमनी हे नीट बसवून, पाणी देऊन सांगितलं. २२ वा आठवडा चालू होता. त्यांनी एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, मान्य केलं आणि ‘वर कार्यालयात जाऊन या’ म्हणाले. कार्यालयात सांगितलं, २० च्या वर आहे, कोर्टाची ऑर्डर आणा. नवऱ्याने मोबाईलवर नवा कायदा काढून दाखवला. उत्तर आलं, ‘आमच्याकडे तसं पत्र आलेलं नाही.’ साहेब रजेवर. मग साहेब आले, तर म्हणाले आधी बोर्डाकडे जा. बोर्ड म्हणालं, २४ च्या आतल्या केसेस आमच्याकडे येतच नाहीत, तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. परत कार्यालय. हे सगळं कुणी आवाज चढवून बोललं नाही, सगळे सौजन्याने वागत होते, म्हणूनच आम्ही जास्त हेलपाटे घातले. कागद फिरत राहिला आणि २४ वा आठवडा संपला. त्यानंतर खरंच बोर्ड लागलं, आणि बोर्डाने होकार दिल्यावरही ‘सेफ साइड’ म्हणून कोर्ट लागलं. हायकोर्टाने मात्र ताबडतोब ऐकलं.

या उशिराची किंमत काय ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एवढ्या उशिरा करायचं तर प्रसूतीच्या कळा आणण्याआधी पोटातून सुई घालून बाळाचं हृदय थांबवतात. मी जागी होते. त्या कार्यालयातल्या माणसांना वाटत असेल की आपण एका जिवाच्या बाबतीत काळजीपूर्वक वागलो. जीव तर वाचणारच नव्हता. त्यांच्या काळजीने फक्त एवढं झालं की जे आधी व्हायला हवं होतं ते बाळ मोठं झाल्यावर, त्याच्या लाथा रोज जाणवायला लागल्यावर झालं. गर्भपात नैतिक की अनैतिक यावर लोक तावातावाने बोलतात, पण उशीर करणाऱ्याची नैतिक जबाबदारी कुणी मोजत नाही. माझं ठाम मत आहे की या वादात पहिला प्रश्न तोच असायला हवा.

उशिराने प्रश्नाचं रूपच बदलतं, हे सुप्रीम कोर्टातही दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची एक आई कोर्टात आली होती, गर्भ २६ आठवड्यांचा. आधी परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की बाळ जगण्याची शक्यता आहे, तर हृदय थांबवायचं का? दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. तिथे बाळात व्यंग नव्हतं, त्यामुळे तुमच्याशी तुलना करू नका. पण तीच बाई लवकर आली असती तर तो पेच उभाच राहिला नसता. आणि बेळगावची सविता हलप्पनवार आठवतेय का? २०१२ साली आयर्लंडमध्ये १७ आठवड्यांना गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही ठोके आहेत म्हणून गर्भपात नाकारला, आणि ती जंतुसंसर्गाने गेली. त्या देशाने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलली. सविताला त्याचा काय उपयोग.

आपल्याकडे डॉक्टर घाबरतात, त्याला कारण आहे, आणि ते मी नाकारत नाही. गर्भपात हा आपल्या कायद्यात बाईचा हक्क म्हणून आलेलाच नाही. तो आधी भारतीय दंड संहितेत आणि आता न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये गुन्हा आहे, आणि एमटीपी कायदा हा डॉक्टरला दिलेला अपवाद आहे. त्यात आपला महाराष्ट्र लिंगनिदानाने पोळलेला. १९८८ साली देशात सगळ्यात आधी कायदा आपण केला, तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली आणि बीडमध्ये ८०७. परळी, म्हैसाळची बेकायदा गर्भपातांची प्रकरणं झाली. तपासणी कडक व्हायलाच हवी होती. पण लिंगनिदानाचा कायदा वेगळा आणि हा वेगळा. मुलगी नको म्हणून आलेल्या घराला लावायची नजर, बाळाच्या मणक्याचा रिपोर्ट हातात धरून बसलेल्या बाईला का लावायची?

२९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय. तो निकाल अविवाहित मुलींना २४ आठवड्यांपर्यंतची सोय मिळण्यासाठी गाजला, पण त्यात डॉक्टरांनी घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, न्यायालयाची परवानगी असल्या कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत असंही आहे. माझं सगळं उरकल्यावर तो आला. तुम्ही त्याची प्रत काढून सोबत ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ३३ आठवड्यांना परवानगी दिली होती, मेडिकल बोर्ड नाही म्हणत असताना. निवड करण्याचा हक्क त्या बाईचा आहे, बोर्डाचा नाही, असं न्यायमूर्ती गौतम पटेलांच्या खंडपीठाने लिहिलं. सगळी कोर्टं तसंच म्हणतील या भरवशावर मात्र राहू नका.

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. ‘हे लेखी द्या’ एवढंच म्हणायचं, शांतपणे. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ जण नियम वाचतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वरच ठेवा, कारण आठवडे किती यावर प्रत्येक जण नव्याने वाद घालतो. बोर्डापर्यंत गेलंच तर नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं आणि परवानगी दिली तर अर्जापासूनच ५ दिवसांच्या आत गर्भपात व्हायला हवा, म्हणून अर्जाची पोच तारखेसकट घ्या. आणि अगदी कोर्टच आलं तर तुम्ही सांगलीकडच्या, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता अवघड प्रश्न. तुम्ही चुकताय का?

माझ्या बाबतीत उत्तर सोपं होतं, कारण जगण्याची शक्यताच नव्हती. तुमचं तसं नाही. उघडा कणा म्हणजे एकच गोष्ट नसते. उघडा भाग मणक्यात किती वर आहे, डोक्यात पाणी किती साठलंय, मेंदूचा मागचा भाग खाली सरकलाय का, यावर सगळं बदलतं. काही मुलं शस्त्रक्रियेनंतर कॅलिपर लावून चालतात, शाळेत जातात. काहींना आयुष्यभर लघवी-शौचावर ताबा नसतो, शंट (डोक्यातलं पाणी काढणारी नळी) वारंवार बदलावा लागतो. त्यामुळे सही करण्याआधी मुलांच्या न्यूरोसर्जनला रिपोर्ट नक्की दाखवा. दोनच दिवस लागतील, आणि हे दोन दिवस वाया जात नाहीत. माझ्या ओळखीत अशाच मुलीची आई आहे. ती म्हणते, तुम्ही सगळ्या पाडायला निघालात की माझ्या पोरीला जगात जागा कोण ठेवणार? तिचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही. पण रात्री उठून त्या पोरीची लघवीची नळी बदलतं कोण? आईच. म्हणून ठरवायचंही तिनेच, आणि ठेवायचं ठरवलंत तरी तुम्ही चुकत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. माझ्या सासूबाई महिनाभर देवासमोर रडल्या, मग एकदा नवजात बाळांच्या डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं आणि त्या माझ्या बाजूने दिराशी भांडल्या. घरातल्या कुणाला तुमच्याकडून ऐकायचं नसेल तर डॉक्टरांसमोर नेऊन बसवा. नवऱ्याच्या गप्प बसण्याचं मला कळत नाही. त्याला सांगा, कार्यालयातले हेलपाटे तुझे, मी फक्त सही करणार.

काही गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नाहीत. एवढ्या आठवड्यांनंतर दूध येतं. डॉक्टरांना ते बंद करण्याच्या गोळीबद्दल आधीच विचारून ठेवा, घरी आल्यावर कळलं की फार लागतं मनाला. बाळाची जनुकीय तपासणी करायची असेल तर नमुना तेव्हाच घ्यावा लागतो. कण्याच्या व्यंगात पुढच्या वेळी फॉलिक ॲसिडचा डोस नेहमीपेक्षा बराच मोठा असतो आणि तो दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचा, तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. नोकरी करत असाल आणि तुमच्या ठिकाणी मातृत्व लाभाच्या तरतुदी (नोव्हेंबर २०२५ पासून त्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत) लागू असतील तर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, वैद्यकीय गर्भपातालाही. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते डिस्चार्जच्या दिवशीच मागा. नंतर त्याच कार्यालयात पुन्हा जावं लागू नये.