बेसिनमागच्या आणि कमोडमागच्या अडचणीच्या फटीत सिलिकॉन सफाईने कसं भरायचं?

तुमची अडचण अशी दिसते: बेसिन आणि भिंत यांच्यामधली फट, कमोडच्या मागची बाजू आणि ओट्यावर नळामागचा कोपरा, तिन्ही ठिकाणी सिलिकॉन भरायचंय. नळीतलं सिलिकॉन दाबून बाहेर काढणारी गन आत शिरत नाही, आणि जिथे शिरते तिथलं काम टूथपेस्ट फासल्यासारखं दिसतं.

मी यातलं सगळं एकदा बिघडवून, खरवडून, पुन्हा केलेलं आहे. पहिल्यांदा नळामागची फट भरली आणि ओल्या फडक्याने पुसायला गेलो. ते सिलिकॉन नळाला लागलं, टाइलला लागलं, मनगटाला लागलं आणि कसं कोण जाणे, कानामागेही लागलं. फटीत मात्र फारसं राहिलं नाही.

तेव्हापासून गन आत घुसवायचा हट्ट मी सोडला. सिलिकॉनची भरलेली नळी बसवली की मागचा दांडा धरून गन हातभराहून लांब होते, भिंतीलगत ती वळणार तरी कशी? फटीपर्यंत फक्त माल पोचायला हवा. त्याला आकार देणं हे वेगळं काम, आणि ते वेगळ्या हत्याराने करायचं. ही दोन कामं एकाच झटक्यात उरकायला गेलं की घाण होते.

माल पोचवायच्या तीन युक्त्या मला उपयोगी पडल्या. पहिली, नोझल म्हणजे नळीच्या टोकाची निमुळती तोटी वाकवणं. प्लॅस्टिकचं नोझल नळीवरून काढून घ्या, आत एक जाड तार सरकवा (नाहीतर वाकवताना ते चपटं होऊन बंद होतं), उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत धरा, हवं तेवढं वाकवा आणि त्याच आकारात गार पाण्याखाली धरून ठेवा. मग आतून पूर्ण कोरडं करून पुन्हा बसवा. भिंतीलगत वळण घ्यायला एवढं पुष्कळदा पुरतं.

दुसरी, नोझलच्या टोकावर लवचीक प्लॅस्टिक नळीचा चार-सहा इंची तुकडा घट्ट बसवून वरून चिकटपट्टीचे वेढे द्यायचे. तुकडा जितका लांब तितका जोर जास्त लागतो आणि जोर वाढला की जोडातून माल बाहेर फुटतो, म्हणून लांबीचा मोह नको. कागदी स्ट्रॉ वापरून पाहिली. ती फाटते.

तिसरी माझी सगळ्यात आवडती: सुई नसलेली मोठी सिरिंज. तिचं टोक कटरने थोडं कापून तोंड मोठं करा, दट्ट्या काढा, गनचं नोझल सिरिंजच्या तळापर्यंत नेऊन तिथून मागे येत येत भरा, म्हणजे मधे हवा अडकत नाही. दट्ट्या परत घालताना कडेला एक बारीक तार धरली की उरलेली हवा तिच्या बाजूने निघून जाते. मग तार ओढून घ्या. सिरिंज एका हातात मावते, त्यामुळे बेसिनखाली आडवं पडूनही नीट काम होतं. फक्त सगळी तयारी झाल्यावरच भरा, सिलिकॉन तिच्यात थांबत नाही. एवढी खटपट नको असेल तर हाताने पिळायच्या छोट्या ट्यूबमध्येही सिलिकॉन मिळतं. लहान कोपऱ्याला ती पुरते.

नोझल तिरकं कापा, साधारण 45 अंशात, आणि भोक फटीपेक्षा लहानच ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते. भोक मोठं झालं की गरजेच्या तिप्पट माल बाहेर येतो आणि पुढचा सगळा वेळ तो पुसण्यात जातो.

पण भरायच्या आधी जुनं काढायलाच हवं. नवं सिलिकॉन जुन्या सुकलेल्या सिलिकॉनवर धरत नाही, वरून लावलेला थर काही दिवसांनी पट्टीसारखा सुटून येतो. कटरने दोन्ही कडा कापा, पट्टी ओढून काढा, राहिलेलं खरवडा, स्पिरिटने पुसा आणि फट कोरडी होऊ द्या. आंघोळीच्या जागेतली फट एक अख्खा दिवस वापराविना ठेवा. बाहेरून कोरडी दिसली तरी आत ओल असते.

सफाई येते ती मास्किंग टेपने. हातातल्या कसबाला मी दहा टक्केही श्रेय देणार नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि अडचणीच्या जागी टेपचं एक टोक दुमडून, लांब शेपटी करून, हात पोचेल तिथवर बाहेर आणून ठेवा. काम झाल्यावर ती शेपटी धरून तिरकं ओढलं की आत हात घालायची गरजच उरत नाही. मला हे सुचेपर्यंत दोन वेळा टेप आतच सुकून राहिली होती.

आता भरणं. सर्वात लांबच्या टोकापासून सुरू करून आपल्याकडे ओढत या, मधे थांबू नका. दिसत नसेल तर कडेला एक लहान आरसा टेकवा आणि डोक्याला टॉर्च लावा. टोकाला आलात की गनच्या मागचा खटका लगेच दाबा, नाहीतर आतल्या दाबाने धार चालूच राहते आणि फरशीवर वेटोळं पडतं. फट सहा-सात मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा फार खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा. तिच्यामुळे माल वाचतो आणि सिलिकॉन फक्त दोन कडांना चिकटतं. तळालाही चिकटलं तर सांधा हलल्यावर ते ताणलं जाऊन फाटतं.

भरून झालं की आकार द्या, तोही एकाच ओढीत. बोट पोचत नसेल तर आइस्क्रीमची काडी एखाद्या लांब पट्टीला बांधा. काडीला साबणाच्या पाण्याचा हलका हात लावा, पण ते पाणी रिकाम्या फटीत कधीच जाऊ देऊ नका, तिथे मग काही चिकटत नाही. वरच्या थराला साय धरायला पाच-दहा मिनिटंच लागतात, काहींना थोडी जास्त. त्याआधी टेप निघाली पाहिजे. साय धरल्यावर ओढली तर कडा फाटून झालर होते. हाताला लागलेलं आधी कोरड्या कागदाने पुसा. पाण्याने फक्त पसरतं.

मालाबद्दल थोडक्यात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काच आणि ग्लेझच्या टाइलला ठीक, पण संगमरवराला आणि तांब्या-पितळेला नको. तिथे आंबट वास नसलेलं, न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्या. पाण्याच्या जागेला बुरशीरोधक सॅनिटरी प्रकार. वरून रंग द्यायचा असेल तर सिलिकॉनऐवजी ॲक्रिलिक सीलंट, कारण सिलिकॉनवर रंग टिकत नाही. बाथटब असेल तर तो पाण्याने भरून मग त्याच्या कडेची फट भरा आणि सुकेपर्यंत पाणी तसंच राहू द्या. वजनाने फट उघडते, ती उघडलेली असतानाच भरलेली बरी.

आता तुमचा कमोड. बाजूंनी आणि पुढून भरा, पण मागे दोन-तीन इंच मोकळे सोडा. आतून कधी गळती झाली तर पाणी तिथून बाहेर येऊन तुम्हाला दिसेल. चहूबाजूंनी बंद केलं तर ते फरशीखालीच मुरत राहील. म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही सर्वात जास्त हैराण आहात, ती भरायचीच नाहीये. ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या चौकटीतली बारीक भोकंही अशीच, ती पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. उत्साहाच्या भरात मी ती एकदा बुजवली होती. पुढच्या पावसात खिडकीच्या पट्टीत तळं साचलं.

भरल्यावर निदान 24 तास पाणी लागू देऊ नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळे बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. जाड थराला आणि कोंदट कोपऱ्याला त्याहून जास्त वेळ द्या. नळीत उरलेलं टिकवायचं असेल तर नोझलच्या तोंडाशी थोडा माल बाहेर काढून तसाच सुकू द्या. पुढच्या वेळी तेच बूच म्हणून ओढून काढता येतं.