बसऱ्याला गेलेल्या दोन भावांचा माग

प्रश्न : आमचं गाव सातारा तालुक्यातलं. पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते. पणजोबा परत आले, थोरले आले नाहीत. घरात एक पदक आहे. गावातल्या दगडावर किती गेले आणि किती कामी आले एवढंच कोरलंय, नावं नाहीत. महायुद्धावरची पुस्तकं चाळली, तर सगळीकडे फ्रान्सच. या मोहिमेवर चांगलं काय वाचावं?
– एक वाचक, सातारा तालुका

उत्तर : पुस्तकांआधी ते पदक भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा त्याच्या कडेवर ठोकलेली असते. पलटणीचा नंबर हाती नसेल, तर मेसोपोटेमियावरच्या (बसरा ज्यात येतं त्या आजच्या इराकमधल्या मोहिमेवरच्या) पुस्तकांत तुम्हाला नुसते सेनापती भेटतील. नंबर जुनाच लक्षात ठेवा. १९२२ साली पलटणींची फेरमांडणी झाली आणि १०३ मराठा ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० तिसरी, ११७ पाचवी. नंतरच्या लिखाणात बऱ्याचदा हे नवे नंबर येतात, आणि तिथे माणूस हमखास हरवतो.

या तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. बगदादच्या दारातून, टेसिफॉनहून मागे फिरलेली ब्रिटिश-हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत या गावात तुर्की फौजेने कोंडली. सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं पडली, तरी वेढा फुटला नाही. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली.

सुरुवात ए. जे. बार्कर यांच्या ‘द नेग्लेक्टेड वॉर’पासून करा (१९६७). सरळ लष्करी हकिकत आहे, मोहिमेचा सांगाडा डोक्यात बसतो. मग निकोलस गार्डनर यांचं कुतच्या वेढ्यावरचं पुस्तक घ्या (२०१४). माझ्या मते तुमच्यासाठी हेच सगळ्यांत महत्त्वाचं. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई का तयार होईनात, उपासमारीत त्यांचं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचं नातं कसं ताणलं गेलं, याचा विचार गार्डनर मनापासून करतात. शिपाई त्यांना माणूस म्हणून दिसतो.

एक सावधगिरी. चार्ल्स टाउनशेंड या नावाचे लेखक दोन आहेत. एक आजचे इतिहासकार. त्यांचं ‘व्हेन गॉड मेड हेल’ (२०१०) मोहिमेमागचं राजकारण फार चांगलं उलगडतं. दुसरे खुद्द कुतमध्ये अडकलेले जनरल. त्यांच्या १९२०च्या आठवणी शेवटी वाचा, कारण ते स्वतःची बाजू मांडायला लिहिलेलं पुस्तक आहे. कैदेत हे जनरल इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि त्यांचे शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले, हे विसरून ते वाचताच येत नाही.

डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेली हिंदी शिपायांची पत्रं मोलाची आहेत, पण ती बहुतेक फ्रान्सच्या आघाडीवरची. कुतचा कैदी स्वतः बोलताना ऐकायचा असेल, तर शिशिर सर्वाधिकारी यांचं ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक आहे (१९५७). ते बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये, म्हणजे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या तुकडीत होते. अमिताव घोष यांनी त्यावर इंग्रजीत सविस्तर लिहिलंय, ते अवश्य मिळवा. असं एखादं बाड आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या ट्रंकेत पडलेलं असेल, तर ते बाहेर यावं असं मला फार वाटतं.

एफ. जे. मोबर्ली यांचा चार खंडांचा सरकारी इतिहास (१९२३–२७) विकत घेऊ नका. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतो. टेसिफॉन आणि कुत दुसऱ्या खंडात आहेत. सलग वाचायचा नाही, मागच्या सूचीत पलटण शोधायची.

राहिले थोरले भाऊ. बसऱ्याच्या स्मारकावरही तुमच्या गावच्या दगडासारखंच झालंय. तिथे चाळीस हजारांवर बेपत्ता सैनिकांचं स्मरण आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, नुसते आकडे. ती नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मात्र आहेत, पुष्कळदा वडिलांच्या आणि गावाच्या नावासह. मराठी आडनावांचं स्पेलिंग तिथे कसंही केलेलं असतं, म्हणून गावाची वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा. नोंद सापडली, की पलटण आणि मृत्यूची तारीख मिळेल. ती तारीख कागदावर लिहून घ्या आणि मग मोबर्ली उघडा.