कॉलेजच्या खेळाडूंनी मनात आणलं तर वर्णद्वेषाविरुद्ध खरंच काही बदलू शकतं का?

हो, बदलू शकतं. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात २०१५ साली हे घडलं. कॅम्पसवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागत होत्या आणि प्रशासन ढिम्म होतं. अध्यक्ष टिम वुल्फ यांनी पायउतार व्हावं म्हणून २ नोव्हेंबरला एका विद्यार्थ्याने आमरण उपोषण सुरू केलं. माझ्या मते खरी जोखीम त्याचीच होती, हे विसरू नये. पण पाच दिवस पोर उपाशी असूनही काही हललं नाही.

७ नोव्हेंबरला फुटबॉल संघातल्या ३० च्या आसपास कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केलं: वुल्फ जात नाहीत तोवर सराव नाही, सामना नाही. प्रशिक्षक गॅरी पिंकेलही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्याच शनिवारी सामना होता आणि तो सोडला असता तर विद्यापीठाला १० लाख डॉलर मोजावे लागले असते. ९ नोव्हेंबरला वुल्फ यांनी राजीनामा दिला.

या ताकदीची धास्ती किती, तर डिसेंबरात तिथल्या एका आमदाराने असा बहिष्कार टाकणाऱ्या खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घेणारं विधेयक आणलं. टीका झाल्यावर ते मागे घेतलं गेलं.