छायाचित्रण प्रश्नोत्तरे : कड्यावरचे वाकडे जांभूळ

प्रश्न : महाबळेश्वरला आर्थर सीटच्या बाजूला, कड्याच्या काठाशी उभ्या असलेल्या एका जुन्या, वाकड्या जांभळाचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. ते एप्रिलमध्ये, दुपारी साडेचारच्या सुमारास घेतले. समोर पाहताना झाड विलक्षण वाटत होते. छायाचित्रात मात्र आकाश पांढरे आणि खोड काळे आले. संगणकावर क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारी सोय) बरीच वाढवून पाहिली, तर ते आणखीच कृत्रिम दिसू लागले. काय चुकले असावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक संगणकावर सुरू झालेली नाही, ती आपण निवडलेल्या जागेची आणि वेळेची आहे. हा कडा कोकणाच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडे आहे. उतरत्या दुपारी दरीकडे तोंड करून उभे राहिले की सूर्य झाडामागे येतो, उन्हाळ्यातल्या धुरकट हवेमुळे आकाश दुधासारखे होते आणि कॅमेरा त्या उजेडाचे माप घेऊन खोड अंधारात टाकतो. त्यातून खोडाचा पोत कितीही प्रयत्न केला तरी पुरता परत मिळत नाही.

आता झाड असे का वाकले ते पाहू, कारण चौकट त्यावरच ठरते. पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणणारा वारा इथे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, थेट कडा चढून येतो. वाऱ्याच्या बाजूचे कोंब वर्षानुवर्षे मोडतात, सुकतात आणि आडोशाच्या बाजूचेच तेवढे तगतात. त्यामुळे सारा पसारा पूर्वेकडे, झेंड्यासारखा फडकत राहिल्याप्रमाणे दिसतो. हे दाखवायचे तर झाडाच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे तोंड करावे. डावीकडे दरी आणि उजवीकडे झुकलेला पसारा अशी रचना आपोआप मिळते. झाड ज्या बाजूला झुकले असेल तिकडे जागा मोकळी सोडावी, असे सहसा सांगितले जाते. मला ते इथे पटत नाही. मोकळी जागा डावीकडे, दरीच्या बाजूला सोडावी, कारण वारा तिथून येतो आणि झाडाची सगळी हकिगत त्या रिकाम्या भागात आहे.

वेळ नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या सकाळची बरी. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, शेवाळ अजून पुरते सुकलेले नसते आणि आग्नेयेकडून येणारे तिरपे ऊन सालीच्या प्रत्येक भेगेत एका कडेला उजेड आणि दुसरीला सावली टाकते. आपल्या छायाचित्रात खोडावर करड्या-पांढऱ्या खपल्या पुसटशा दिसतात, ते दगडफूल आहे. गोड्या मसाल्यातले दगडफूल याच जातकुळीचे. तिरप्या उन्हात त्याच्या दुमडलेल्या कडा एकेक मोजता येतील.

आपण फार जवळून, रुंद कोनाच्या भिंगाने छायाचित्र घेतलेले दिसते. त्याने खोड फुगते आणि पलीकडचे डोंगर चिमुकले होतात. कठड्याच्या आतच राहून शक्य तितके मागे सरावे आणि ७० ते १०० मिलिमीटरचे भिंग वापरावे, म्हणजे डोंगर झाडाच्या तोलाचे दिसतील. भिंगाचे छिद्र मध्यम, म्हणजे एफ ८, ठेवावे. आकाशातला सर्वांत उजळ भाग जेमतेम शाबूत राहील इतपतच उजेड आत घ्यावा आणि फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवून, साठवावी. वेगवेगळ्या उजेडाची तीन छायाचित्रे घेऊन ती जोडण्याचा मार्ग इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण पाने सतत हलतात आणि जोडकामात त्यांची भुते उमटतात. धुके असेल तर कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून पाव सेकंदाचे एक छायाचित्र जरूर घ्यावे. खोड स्पष्ट आणि पाने पुसट आली की वारा चित्रात उतरतो.

संगणकावर संस्कार करताना क्लॅरिटी आधी शून्यावर आणावी. झाडाच्या कडेने दिसणारी ती पांढरी प्रभावळ तिचीच देणगी आहे आणि तिच्यामुळेच झाड कापून चिकटवल्यासारखे वाटते. प्रथम रंगसमतोल साधावा, मग उजळ भाग थोडे खाली आणावेत. त्यानंतरचे काम संपूर्ण चित्रावर न करता ब्रशने, जागेवर करावे : सालीच्या उजेडाकडच्या कडा अगदी किंचित उजळाव्यात, पायथ्याचे गवत अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) दाबावे. ब्रशचा जोर दहा टक्क्यांच्या आसपास असू द्यावा आणि हात पुन्हा पुन्हा फिरवावा. कृष्णधवल करणार असाल तर पिवळा आणि हिरवा उजळवून निळा थोडा गडद करावा. शेवाळ उठून दिसेल. निळा फार खाली नेल्यास मात्र आकाशात रवा, म्हणजे दाणेदारपणा, दिसू लागतो.

प्रश्न : खोडावर कोणीतरी नावे कोरली आहेत. ती संगणकावर पुसली तर चालेल का?

उत्तर : घरच्या भिंतीसाठी खुशाल पुसावीत. निसर्ग-छायाचित्रांच्या स्पर्धांत मात्र अशी खाडाखोड सहसा चालत नाही, तेव्हा नियम आधी वाचावेत. मी स्वतः पुसणार नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सेंटिनेल डोम नावाच्या खडकाळ माथ्यावरच्या वाकड्या जेफ्री पाइन वृक्षाचे विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४० मध्ये छायाचित्र घेतले. ते झाड १९७६-७७ च्या दुष्काळात वाळले आणि २००३ मध्ये कोसळले. आता त्याच्याविषयी काही पाहायचे तर अशा छायाचित्रांतच पाहावे लागते. आपल्या जांभळाची मूळ रॉ फाइलही, नावांसकट, वेगळी जपून ठेवावी. शिवाय दक्षिणेकडून छायाचित्र घेताना ती नावे समोर येतात की नाही, हे पुढच्या खेपेला आधी पाहून घ्यावे.