वाइड रिसीव्हरची एफिशियन्सी मोजायला यार्ड्स पर कॅच पुरतं का?

नाही पुरत, कॅचमागचे सरासरी यार्ड्स कळून भागत नाही. आणि नुसते कॅच मोजणं त्याहून वाईट. तुम्ही विचारलंय की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा खेळाडू, किती कामाचा हे एका आकड्यात कळेल का, तर त्याचं उत्तर खाली देतो, पण आधी 2009 चं सांगतो कारण हा वाद मी तेव्हापासून घालतोय.

मी तेव्हा अटलांटात जॉर्जिया टेकला एमएस करत होतो. कोच पॉल जॉन्सन, ट्रिपल ऑप्शन, म्हणजे सगळा खेळ बॉल हातात घेऊन पळण्याचा, मॅचला जेमतेम दहा-बारा पास. आणि त्या टीममध्ये डिमेरियस थॉमस! सीझनभरात 46 कॅच, 1154 यार्ड्स, 8 टचडाउन. माझा रूममेट नाशिकचा, त्याने एक दिवस लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, "हे बघ, बोलिंग ग्रीन युनिव्हर्सिटीचा फ्रेडी बार्न्स, 155 कॅच, रेकॉर्ड आहे. तुझ्या थॉमसचे 46. विषय संपला." माझं डोकंच फिरलं. हाच मुलगा क्रिकेटमध्ये कुणी पन्नास मारले म्हटलं की पहिलं विचारायचा किती बॉलमध्ये, आणि इथे मात्र नुसती बेरीज!

मग मी वही केली. टीव्हीवर बघून उपयोग नाही, कारण स्नॅप झाला, म्हणजे बॉल खेळात आला, की कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि लांब पळणारा रिसीव्हर फ्रेममधून गायब. म्हणून होम मॅचला बॉबी डॉड स्टेडियममध्ये वरच्या रांगेत बसायचो, गुडघ्यावर वही, चार रकाने: रूट (पळायचा ठरलेला मार्ग), थॉमसकडे टाकलेला पास, कॅच, ब्लॉक. 17 ऑक्टोबरची व्हर्जिनिया टेकची मॅच, आम्ही 28-23 जिंकलो, लोक मैदानात उतरले. त्या अख्ख्या मॅचमध्ये आमचा एकच पास पूर्ण झाला, तोही थॉमसकडेच, पन्नासच्या वर यार्डांचा. माझ्या वहीत कॅचच्या रकान्यात एक रेघ, आणि ब्लॉकचा रकाना भरून पुढच्या पानावर गेलेला. दर दुसऱ्या-तिसऱ्या प्लेला तो त्याला अडवायला उभ्या असलेल्या कॉर्नरबॅकच्या छातीत दोन्ही हात घालून त्याला साइडलाइनपर्यंत ढकलत न्यायचा आणि आतल्या बाजूने आमचा रनर निघायचा. हे कुठल्या आकड्यात दिसतं सांगा.

आता तुमचं उत्तर. कॅचने भागलं की सुटलेला बॉल हिशोबातच येत नाही. टार्गेटने, म्हणजे त्याच्याकडे टाकलेल्या एकूण पासने, भागा, तर पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या वाकड्या पासची शिक्षा रिसीव्हरला होते, शिवाय कॉलेजच्या बॉक्सस्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, टार्गेट बऱ्याचदा नसतात, कुणीतरी बसून मोजलेले घ्यावे लागतात. सगळ्यात बरं म्हणजे यार्ड्स पर रूट रन, म्हणजे पळलेल्या दर रूटमागे किती यार्ड्स, कारण जो मोकळाच होत नाही, ज्याच्याकडे पास टाकावासा वाटत नाही, तो तिथे पकडला जातो. तो डेटा नसेल तर रिसीव्हरच्या यार्ड्सना टीमच्या एकूण पासने भागा. आमचा क्वार्टरबॅक जॉश नेस्बिट, त्याने वर्षभरात 162 पास टाकले, म्हणजे थॉमसचे टीमच्या दर पासमागे 7 च्या आसपास यार्ड्स येतात. बार्न्सचे 1770 यार्ड्स, पण त्याची टीम मॅचला चाळीसेक पास टाकायची, त्याचं तेच गणित साधारण 3. रूममेटला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा म्हणाला, "आकडे काय कसेही फिरवता येतात." 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, सगळ्यात आधी निवडलेला रिसीव्हर थॉमसच होता, 22 व्या नंबरवर डेन्व्हरने घेतला, डेझ ब्रायंटच्याही आधी. बार्न्सला कुणीच निवडलं नाही. त्यावर मात्र रूममेट आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

हां, एक गोष्ट मान्य करायला हवी. थॉमसचे कॅचमागचे 25 यार्ड्स थोडे फुगलेले आहेतच. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, रन थांबवायला पुढे धावत यायचे आणि मागे थॉमससमोर एकटा कॉर्नर उरायचा, असं मैदान प्रत्येकाला मिळत नाही. आणि बार्न्सचे 11 यार्डांचे कॅच फुकटचे नव्हते, थर्ड अँड फोरला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात चार यार्ड हवे असताना, पाच यार्ड मिळवून देणारा माणूस ड्राइव्ह, म्हणजे टीमची चढाई, जिवंत ठेवतो, ते यार्ड्सच्या कुठल्याच सरासरीत नीट दिसत नाही. म्हणून वेगळ्या पद्धतीने खेळणाऱ्या टीमचे दोन रिसीव्हर शेजारी ठेवताना आधी टीम मॅचला किती पास टाकते ते बघा.

थॉमस 2021 च्या डिसेंबरमध्ये गेला, 33 वर्षांचा होता. त्या रात्री ती वही काढून व्हर्जिनिया टेकचं पान बघत बसलो होतो. तुम्ही स्वतः मॅच बघून नोंदी करणार असाल तर नक्की करा, फक्त ब्लॉकचा रकाना सोडू नका.