ब्लॅक बॉक्स नसलेलं छोटं विमान कमी उंचीवर कसरती करताना पडलं, तर बिघाड होता की पायलटची चूक हे कशावरून ठरवतात?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच गेली, कारण याच एका प्रश्नावरून माझं आणि आमच्या दाजींचं पंचवीस वर्षांपूर्वी वाजलं ते अजून मिटलेलं नाही. प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, "केबल वगैरे तुटलेली सापडली तर ती मेंटेनन्सवाल्यांचीच चूक ना?" तर नाही. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या मागं वाढलो, अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. विमानाच्या मेंटेनन्सचं लायसन काढलं आणि नव्वदीत परराज्यातल्या एका फ्लाईंग क्लबात लागलो. नाव-गाव लिहीत नाही, गेलेल्या दोघांची घरं अजून तिथंच आहेत. क्लबाकडं कसरतीचं एक दोन सीटचं विमान होतं आणि वार्षिक कार्यक्रमाला त्याचा शो ठेवलेला. एप्रिलचं ऊन, मांडव, पाहुणे, लाऊडस्पीकर. आमचा इन्स्ट्रक्टर उडवायला एक नंबर, पण कसरती नेहमी एकट्यानं करायचा, त्या दिवशी एका पाहुण्याला पुढच्या सीटवर घेऊन गेला. दोन लूप, म्हणजे हवेत उभा पूर्ण गोल, चांगल्या उंचीवर झाले. मग खाली येऊन धावपट्टीवरून एक फेरी मारली आणि तिथूनच वर खेचून तिसरा लूप घेतला. खाली येताना नाक वर उचललं गेलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं, नाक वर आणि विमान मात्र खालीच येतंय. तसंच जवळपास पोटावर आपटलं. दोघंही जागेवर गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की कंट्रोल केबल तुटल्याने अपघात. बचावाला गेलेल्या कुणीतरी तुटलेली केबल लोंबताना बघितली आणि बातमीदाराला सांगितली, बस. आणि त्या विमानाच्या लॉगबुकात शेवटची सही माझी होती, नऊच दिवस आधीची.

ती सही कशावर केली होती ते सांगतो. एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरची हलती फळी, तिच्यानं नाक वर-खाली होतं. तिची केबल पेन्सिलीपेक्षाही बारीक, 3 मिलिमीटरच्या थोडी वर, पण तिच्यात 7 पेड आणि प्रत्येक पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 133. ती तपासायला सुती कापड धरून केबलवरून सावकाश फिरवायचं, एक तार जरी तुटून वर आली असली तरी कापड अडकतं. मग पुलीजवळ ताण सैल करून केबल वाकवून बघायची, कारण आत तुटलेली तार सरळ केबलमध्ये दिसत नाही. माझ्याकडं त्यासाठी अण्णांनी दिलेला सेकंडचा सोलापुरी टॉवेल असायचा, त्याचे उभे धागे बारीकशा टोकालाही धरतात. त्या दिवशी टॉवेल कुठंच अडकला नव्हता. हे मी आजही सिद्धेश्वराच्या देवळात उभा राहून सांगेन.

तेव्हा एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारं खातं, नव्हतं, ते 2012 साली आलं, त्याआधी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान महासंचालनालयाचे, अधिकारीच यायचे. जे साहेब आले त्यांनी पहिलं काम काय केलं तर सगळी लॉगबुकं, इंधनाच्या नोंदी, पायलटच्या तासांच्या नोंदी ताब्यात घेतल्या आणि मला दोरीच्या बाहेर उभं केलं. राग आला नाही, बरोबरच होतं ते. मग त्यांनी विमानाचे चार कोपरे शोधले, नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं. चारही एकाच जागी असतील तर विमान हवेत मोडलेलं नाही, एखादा तुकडा अर्धा किलोमीटर मागं सापडला तर गोष्टच वेगळी. चारही तिथंच होते. टाकीत उरलेलं इंधन बाटलीत घेऊन सील केलं, ऍवगॅस, म्हणजे छोट्या विमानाचं पेट्रोल, निळसर असतं आणि पाणी मिसळलेलं असलं तर खाली बसतं, ते उजेडाला धरलं की दिसतं. नंतर साहेब प्रॉपेलरपाशी बराच वेळ बसले. पात्यांना इंग्रजी एस सारखा पीळ पडला होता आणि पात्याच्या रुंदीत आडवे ओरखडे होते, म्हणजे आपटताना इंजिन जोरात ओढत होतं. बंद पडलेल्या इंजिनाचं पातं साधारण मागं वाकतं आणि दुसरं तसंच सरळ राहतं. जमिनीत पात्यांनी घातलेले घावसुद्धा त्यांनी टेप लावून मोजले. दोन पाती, मिनिटाला 2,400 फेरे, म्हणजे सेकंदाला 80 घाव. दोन घावांत 60 सेंटीमीटर अंतर असलं तर सेकंदाला 48 मीटर, ताशी 170 किलोमीटरच्या आसपास. नुसत्या मातीवरून वेग निघतो. लोकांना वाटतं ब्लॅक बॉक्स नाही म्हणजे अंधार, तसं अजिबात नसतं.

आणि कार्यक्रमाचं शूटिंग होतं. लग्नाची शूटिंग करणारा पोरगा होता, व्हीएचएस कॅमेरा. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम, हँगरची उंची माहीत, पंखांची लांबी माहीत, त्यावरून फ्रेम मोजत मोजत लूपच्या माथ्यावरची उंची काढली. आवाजावरून इंजिनाचे फेरेही निघतात, वर म्हटलं तसे सेकंदाला 80 घाव म्हणजे 80 हर्ट्झची गुणगुण, विमान जवळ येताना-लांब जाताना आवाज बदलतो तेवढं वजा करायचं. शेवटच्या काही फ्रेममध्ये शेपटीचा एलिव्हेटर पूर्ण वर उचललेला स्पष्ट दिसत होता. केबल आधी तुटली असती तर तो वर राहिलाच नसता, नाक वर आलंच नसतं.

तरीही साहेबांनी केबल सोडली नाही. मला दोरीच्या आत बोलावलं आणि हातात न देता भिंगाखाली दाखवली. काय दिसतंय, म्हणाले. टोक खराट्यासारखं फुललं होतं, पेड न् पेड सुटे, आणि प्रत्येक तारेचं टोक शेवटी मान आवळल्यासारखं बारीक झालेलं. टोकाच्या मागं मात्र तारा पूर्ण गोल, कुठं घासून चपट्या नाहीत, गंज नाही. मी बोलायच्या आधीच मला अण्णा आठवले. मागावर धागा तुटायचा तेव्हा अण्णा दोन्ही टोकं बोटात धरून दिव्याकडं बघायचे. फणीत घासून तुटलेला असला तर तुटण्याच्या आधीच बोटभर अंगाची लव गेलेली असते, आणि झटक्यानं ओढून तुटलेला असला तर शेवटपर्यंत अंग धड आणि फक्त टोक विस्कटलेलं. दोष सुतात की मागात यावरून त्यांची जॉबरशी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याशी, रोज हुज्जत, कारण माल खराब निघाला की पगार अण्णांचा कापला जायचा. मी साहेबांना तेच सांगितलं, घासून नाही, ओढून तुटलीय. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. असली केबल तोडायला आठ-नऊशे किलोचा ताण लागतो, तो पायलटच्या हातातून येत नाही, तो सांगाडा दुमडताना येतो. आणि तुटली होतीही अगदी तिथंच, सीटच्या मागं, जिथं सांगाडा दुमडला होता.

सुट्टीला सोलापूरला आलो तर दाजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, जेवायच्या पाटावर सगळ्यांसमोर म्हणाले, "ते जाऊ दे, केबल तुटली होती की नाही बे, तेवढं सांग." तुटली होती म्हणालो. "मग झालं की." त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाच्या गर्दीतसुद्धा हेच. तुटलेली वस्तू सापडली की लोकांना कारण सापडल्यासारखं वाटतं. अहो, पडलेल्या विमानात सगळंच तुटतं! प्रश्न कधी तुटलं हा आहे.

मग पडलं कशानं? स्टॉलनं. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, पंखावरची हवा सुटून त्याची उचल जाणं. तुम्ही जितकं जोरात खेचाल तितका स्टॉलचा वेग वाढतो, 4 जी ला, म्हणजे पंखावर वजनाच्या चौपट भार आला की, तो दुप्पट होतो, म्हणजे सरळ उडताना जे विमान 50 नॉटला (ताशी 93 किलोमीटरला) स्टॉल होतं ते तेव्हा 100 नॉटला होतं. ताशी 215 किलोमीटरनं सरळ खाली येणारं विमान 4 जी नं खेचून आडवं करायला ढोबळमानाने 400 फूट लागतात, तेही वेग आणखी वाढला नाही तर. त्यात वजन. दुसरा माणूस बसला, वजन समजा दहा टक्के वाढलं, की सगळ्यात लहान वळसाही दहा टक्क्यांनी मोठा. त्यात ऊन. आपल्या होटगी रोडच्या विमानतळाचंच घ्या, समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 फूट, पण मे महिन्यात 42 डिग्रीला विमानाला तिथली हवा 5,000 फुटांवरच्या इतकी पातळ लागते, इंजिन कमी ओढतं, पंख कमी उचलतो. पायलटच्या हाताला मात्र सवयीचा लूप माहीत असतो, एकट्याचा, सकाळचा. इंग्लंडमध्ये शोरहॅमला 22 ऑगस्ट 2015 ला हॉकर हंटर पडलं, रस्त्यावरची 11 माणसं गेली, तिथंही चौकशीत हेच निघालं, लूपच्या माथ्यावर किमान 3,500 फूट हवे होते, होते 2,700 च्या आसपास. ते जेट होतं, आमचं छोटं, हिशोब एकच.

आता जे कुणाला आवडत नाही ते लिहितो. अहवालात कारण लिहिलं गेलं की कसरतीला पुरेशी उंची नव्हती. म्हणजे पायलटची चूक. माझं मत, हे अर्धंच उत्तर आहे. त्याच टेपमध्ये, ज्यातून इंजिनाचे फेरे मोजले, माईकवरचा आवाज पण होता, "एक बार और, अब नीचे से!" आणि त्यावर टाळ्या. त्या टाळ्यांत मीपण होतो. साहेबांनी ती टेप कितीदा ऐकली असेल, अहवालात त्याची एक ओळ आली, शोवर पुरेशी देखरेख नव्हती. कुणी सांगितलं, कुणी परवानगी दिली, दुसरा माणूस कुणी बसू दिला, हे क्लबातल्या बड्या लोकांनी एकमेकांवर ढकललं. 23 जून 1980 ला दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधींचं पिट्स, कसरतीचं छोटं विमान, असंच खाली कसरती करताना पडलं, लोक अजून घातपाताच्या गप्पा मारतात, आणि बरोबर गेलेल्या कॅप्टन सुभाष सक्सेनांचं नाव कुणाला आठवत नाही. तुटलेलं काहीतरी किंवा कुणीतरी रचलेला कट पाहिजे असतो लोकांना. इतक्या खाली का गेला, हा प्रश्न नको असतो, कारण त्याचं उत्तर मांडवात बसलेलं असतं.

एक सांगायचं राहिलं, मी चौकशी अधिकारी कधीच नव्हतो, चौकशीत सापडलेला मेकॅनिक होतो, तेव्हा माझं बोलणं त्या बाजूनं आहे हे धरून वाचा. दुसरं, केबल खरंच घासून, पुलीखाली गंजून तुटते, आणि तशी तुटली तर ती मेंटेनन्सचीच चूक, तिथं मी कुणाची बाजू घेणार नाही. आग लागली तर यातलं बरंच जळून जातं. हल्ली जीपीएस, इंजिन मॉनिटर, शंभर मोबाईलचे व्हिडिओ असतात, काम सोपं झालंय. आणि दुबईला 21 नोव्हेंबर 2025 ला तेजस पडलं तसल्या लष्करी विमानांची चौकशी हवाई दलाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी करते, ते वेगळं खातं. नागरी चौकशीचा उद्देश कायद्यानंच दोष ठरवणं हा नसतो, पुढचा अपघात टाळणं हा असतो. शोरहॅमच्या पायलटला 2019 मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं, तरी चौकशीचा अहवाल जागच्या जागी राहिला. तुम्ही विचारलंय किती वेळ लागतो, तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्राथमिक अहवाल 30 दिवसांत आणि अंतिम जमलं तर वर्षभरात. प्राथमिक अहवालात कारण शोधू नका, नसतं.

तुमच्या घरातलं कुणी गेलंय की नुसतं कुतूहल आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पण अंतिम अहवाल हाती आला तर शेवटचं पान आधी उघडू नका. 1.12 नंबरचा भाग उघडा, त्यात मलबा कसा पडला होता ते असतं, मग 1.13 शवविच्छेदनाचं, 1.16 प्रयोगशाळेच्या तपासण्या, आणि 1.18 जरूर वाचा, कुठेच न बसणारी माहिती तिथं टाकलेली असते, आमच्यात टाळ्या आणि माईक तिथंच होते.

दाजींना मी त्या वर्षीच झेरॉक्स दिली होती. अक्का सांगते की अजून त्यांच्या कपाटात चादरींच्या खाली आहे. दाजी, नातवानं तुम्हाला हे वाचून दाखवलं तर तेवढं बाहेर काढा. 1.12, पान 14, खालून दुसरा परिच्छेद.