आपलं कृपादान कसं ओळखावं?

बाळा, आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊन तीनच महिने झाले आणि ‘माझं कृपादान, म्हणजे देवाने सेवेसाठी मला दिलेली देणगी, कोणती?’ म्हणून तू झोप घालवून बसलायस. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२वा अध्याय सावकाश वाच. २८व्या वचनात प्रेषित, संदेष्टे, चमत्कार यांच्याच रांगेत साहाय्य करणारे आणि कारभार पाहणारेही आहेत.

आमच्या एक मावशी उपासनेआधी सतरंज्या घालतात. कोणाची जागा दोन रविवार रिकामी राहिली ते त्यांना बरोबर कळतं. सोमवारी भाकरी-कालवणाचा डबा घेऊन त्या त्यांच्या दारात हजर. त्यांना ते नुसतं कामच वाटायचं, दान आहे हे मंडळीने ओळखलं.

तू पेटी छान वाजवतोस, वाजव. पण पाळकसाहेबांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीलाही जा. मग वडीलधाऱ्यांना विचार, तुझ्या कशाने कोणाला उभारी आली ते.